पावसाळी ब्रँच

भंडारा
९ मे २०२२

अंकुश दादा,
सप्रेम जय भीम.

ग्रुपवर लिहिलं की चार जण अंगठ्याचं चित्र टाकतात आणि पाचवा सुविचार टाकतो. फोनवर बोललं की आपलं भांडण होतं. म्हणून हा मेल. तूही मेलनेच उत्तर दे.

गेल्या आठवड्यात तू 'घाटवार्ता'चे अपडेट एकामागून एक सोडत गेलास. त्यातल्या दोन व्हर्जनचा नंबर एकच होता. कोणाच्या फोनवर कोणतं आहे हे मला आता फोन हातात घेतल्याशिवाय कळत नाही. सिरसघाटच्या धनीरामभाऊंनी फोन करून विचारलं, "मॅडम, हा फोन रोजच काही ना काही मांगून राहिला. याले पाहिजे तरी काय?" नदीवर जाळी टाकणारा माणूस तो. काय सांगू त्यांना? की माझ्या दादाला पुण्यात झोप येत नाही?

दोन वर्षांपूर्वीच्या पुरानंतर आपण दोघांनी हे ॲप काढलं तेव्हा ते किती साधं होतं. वैनगंगेच्या प्रत्येक घाटावर आपला एक माणूस. त्याने खांबावरच्या खुणा पाहायच्या आणि हिरवा, पिवळा नाही तर लाल रंग दाबायचा. खालच्या सगळ्या घाटांवरच्या फोनवर तो रंग दिसायचा. बस. आता कुठकुठली हौशी मुलं कोड पाठवतात, तू तो मुख्य ब्रँचमध्ये, म्हणजे कोडच्या मूळ प्रतीत, घेतोस आणि तिथून तो थेट धनीरामभाऊंच्या डोक्यावर पडतो.

आपलं काय ठरलं होतं ते पुन्हा लिहून काढते. नंतर कोणी 'मला माहीत नव्हतं' म्हणायला नको. जून लागला की मुख्य ब्रँचपासून एक वेगळी ब्रँच काढायची. तिचं नाव पावसाळी. पावसाळा संपेपर्यंत गावातल्या फोनवर जे जाईल ते फक्त पावसाळीमधून, आणि पावसाळीमध्ये फक्त दुरुस्ती जाईल. नवीन काहीही नाही. धानाच्या पऱ्ह्यात, रोपांच्या वाफ्यात, तुला काय पेरायचं ते पेर, रोवणी झालेल्या बांधीत, उभ्या शेतात, पाय घालू नको.

आणि लाखनीचा घनश्याम 'हो' म्हणेपर्यंत काही सोडायचं नाही. हायवेवर त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, जुने फोन त्याच्याकडे ढिगाने पडलेले असतात, आणि आपल्या मुलांमध्ये नीट कोड लिहिणाऱ्यांपैकी तो एक आहे. प्रत्येक अपडेट तो जुन्या फोनवर चालवून पाहील.

एवढं मान्य आहे का? हो किंवा नाही, एवढंच लिही.

रीना


पुणे
१४ मे २०२२

प्रिय रीना,
जय भीम.

हो.

एवढंच लिही म्हणालीस, पण मोठा भाऊ आहे, थोडं जास्त लिहितो. तुझं तिथल्या कॉलेजात संगणक शिकवून शिकवून फळ्यासमोर बोलतेस तसं लिहिणं झालं आहे. नंबर चुकला, मान्य. पण आपलं काम पुढे जाऊन राहिलं आहे हे तुला दिसत नाही का? मी नदीचा नकाशा करतो आहे. माणसाने रंग न दाबता पाण्याची उंची मीटरमध्ये भरायची, बाकीचं सगळं फोन ठरवेल, आणि कोणतं शेत, कोणती वस्ती पाण्याखाली जाईल ते नकाशावर दिसेल. आजवर कोणी केलं नाही असं.

इथल्या एका संस्थेला जुलैत हे दाखवायचं आहे. ऑफिसात काम फार आहे, त्यातून वेळ काढतो. त्यामुळे कधी घाई होते. पावसाळी ब्रँच तू सांभाळ. माझा शब्द.

अंकुश


भंडारा
२२ जून २०२२

दादा,

शब्द दिलास तर पावसाळीचा पहिला महिना तरी थांबायचं होतंस.

पावसाळीमध्ये तू नकाशा टाकलास. वर लिहिलंस काय, तर 'लहान दुरुस्ती'. घनश्यामने उघडून पाहिलं तर त्या लहान दुरुस्तीत ॲप दुपटीने फुगलेलं. त्याने मला कळवलं, मी ते काढून टाकलं. संध्याकाळी तू पुन्हा घातलंस. मी पुन्हा काढलं. हे काय चाललं आहे आपलं? घनश्याम म्हणाला, तुमच्या भावाबहिणीचं ठरलं की मला सांगा, तोवर मी दुकानात लक्ष घालतो. त्याचं काय चुकलं?

मधल्या वेळात ते काही फोनवर गेलंच. पवनीच्या खाली, नदीच्या वळणातल्या टोलीवर, त्या लहान वस्तीवर, निर्मलाबाई आहेत ना, बचत गटाच्या, त्यांचा फोन उघडेचना. मी कॉलेजची सुट्टी टाकून एसटीने गेले. त्यांनी पाणी दिलं, चहा दिला. मी निघताना एवढंच म्हणाल्या, "मॅडम, आमाले नकाशा कायले? नदी कुठं हाये ते आमाले मालूम हाये. ते किती हाये तेवढं सांगा."

काहून करतोस असं? मला खरंच कळत नाही.

रीना


पुणे
२५ जून २०२२

रीना,

तू दोनदा माझं काम काढून टाकलंस. सगळ्या मुलांसमोर. मी हे ॲप रविवारी रविवारी बसून उभं केलं, तेव्हा तू कुठे होतीस? काढण्याआधी एक फोन करता येत नव्हता?

जुने फोन, जुने फोन. किती वर्षं त्यांना धरून बसायचं? मी दिवसभर याच कामावर बसलेला असतो, म्हणून मला दिसतं की दोन्ही व्हर्जन ओढणं आता शक्य नाही. नवं व्हर्जन मीटर पाठवतं, जुन्याला फक्त रंग समजतो. कधी तरी जुनं बंद करावंच लागेल. मी म्हणतो, जुलैतच करू.

पवनीला गेलीस तर माझ्या आईला भेटून यायचं होतं.

अंकुश


भंडारा
४ जुलै २०२२

दादा,

दिवसभर याच कामावर बसतोस म्हणजे ऑफिसातून सुट्टी घेतलीस की काय? एका नकाशापायी? तुला नाव पाहिजे, मिळो. माझी ना नाही. पण भर पावसाळ्यात जुनं बंद करणं म्हणजे माणूस नावेत असताना नाव बदलणं.

मी एक वाट सुचवते. तुझं नवं व्हर्जन सोड, ज्यांचे फोन नवे आहेत त्यांच्यावर जाऊ दे. भंडाऱ्याच्या वरच्या घाटावरच्या परसरामभाऊंचा फोन नवा आहे, त्यांना आवडेलही. पण नव्या व्हर्जनने मीटरसोबत जुना रंगही पाठवला पाहिजे. म्हणजे परसरामभाऊंनी मीटर भरले तरी खाली धनीरामभाऊंना रंग दिसेल. ही सोय दिवाळीपर्यंत ठेव. ती झाली, घनश्यामने तपासली, की मी एका शब्दाने बोलणार नाही.

परवा पवनीला सगळ्या घाटांची माणसं बोलावली होती. मागच्या पुरात अफवांनी किती धावपळ झाली, म्हातारी माणसं कशी पडली, ते त्यांनी सांगितलं. मी त्यांना म्हटलं, यंदा कोणाच्या सांगण्यावर पळू नका आणि कोणाच्या सांगण्यावर बसून राहू नका. फोनवर रंग पाहा, त्याचंच माना. सगळ्यांनी माना डोलावल्या. दादा, मी माझी जबान दिली आहे तिथे.

तुझ्या आईला, मोठ्या आईला भेटले. बरी आहे. तुझ्याबद्दल विचारलं तर विषय बदलते. तुमचं काही बिनसलं आहे का?

रीना


पुणे
१९ जुलै २०२२

रीना,

झालं सगळं. नवं व्हर्जन सोडलं. जुन्यांसाठी रंग पाठवायची सोयही केली आहे, काळजी नको. उद्या संस्थेपुढे दाखवायचं आहे. घाईत आहे.

अंकुश


भंडारा
१८ ऑगस्ट २०२२

अंकुश,

दादा लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतं नाव.

माणूस एकही गेला नाही. हे आधी लिहिते.

पुराच्या त्या सकाळी कॉलेजला सुट्टी दिलेली होती. माझ्या टेबलावर दोन फोन होते, माझा नवा आणि तपासणीचा जुना. परसरामभाऊंनी वरच्या घाटावरून मीटर भरले आणि माझा नवा फोन लाल झाला. जुना पिवळाच. मला वाटलं नेट गेलं. बंद करून चालू केला. पिवळाच. घनश्यामला फोन लावला. त्याच्या काउंटरवरचे सगळे जुने फोन पिवळे होते. तेव्हा लक्षात आलं. जुन्या फोनना मीटर कळत नव्हते, आणि कळत नसेल तर गप्प बसावं, तेही ते करत नव्हते. आदल्या संध्याकाळचा रंग धरून बसले होते.

धनीरामभाऊंना लावला तर कोणी उचलेना. निर्मलाबाईंनी उचलला. त्यांच्या मागे स्वयंपाकाचा आवाज येत होता. म्हणाल्या, "पिवराच हाये न मॅडम, मी आत्ताच पाह्यली." मी म्हटलं, लाल आहे, फोन चुकीचं सांगतोय, म्हाताऱ्यांना आणि पोरांना घेऊन शाळेवर जा. त्यांनी विचारलं, "मंग कोणाचं मानू? तुमचं का फोनचं?"

अंकुश, मीच त्यांना सांगितलं होतं ना फोनचं मानायला. पंधरवडा झाला, तो प्रश्न कानातून जात नाही.

मी म्हटलं, माझं माना. त्यांनी मानलं. सासूला खाटेवर घालून शाळेच्या टेकाडावर नेलं, बायकांना हाकारलं, आणि आपल्या दिराला बांधावरून सिरसघाटला धाडलं. धनीरामभाऊ नदीत होते, जाळी काढत. दिराच्या हाका त्यांना ऐकू गेल्या. जाळी तिथेच सोडून ते वर आले आणि काठावरच्या घरांमधून माणसं काढायला लागले. त्यांची नाव गेली, जाळी गेली, दावणीची म्हैस सोडायला वेळ मिळाला नाही, तीही गेली.

रस्ता उघडल्यावर मी गेले. शाळेच्या व्हरांड्यात ते भिंतीला टेकून बसले होते. मी समोर बसले. तेच बोलले. "काल पिवरा होता, आजबी पिवराच होता. आधी मी सकारी उठलो का नदी पाहत होतो. त्या दिवशी मी नदी पाह्यलोच नाही मॅडम. फोन पाह्यलो."

रागावले असते तर बरं झालं असतं.

मग गावाने ठरवलं की हे ॲप नको. एकेकाने फोन माझ्यापुढे धरला आणि मी ते माझ्या हाताने काढून टाकलं. निर्मलाबाईंनी सगळ्यात शेवटी दिला.

घनश्यामने सगळं तपासलं. रंग पाठवायची सोय तू लिहिली होतीस. पण ती पावसाळीमध्ये कधी घेतलीच नाहीस, नव्या व्हर्जनमध्येही नाही. वेगळीच पडून होती. आणि मला लिहिलंस, काळजी नको, आणि मीही घनश्यामचा 'हो' न मागता ते मानलं.

मोठी आई मदतीची पोळीभाजी घेऊन शाळेवर आली होती. तिथे ती रडली आणि बोलून गेली, की तुझी नोकरी मार्चमध्येच सुटली. म्हणजे 'ऑफिसात काम फार' लिहिलंस तेव्हा ऑफिस नव्हतंच. मला का नाही सांगितलंस? मी तुझ्या नावाच्या हौसेवर बोलत राहिले आणि तू घर कसं चालेल म्हणून धावत होतास.

कारण समजलं म्हणून राग गेला असं समजू नकोस. अपडेट सोडायचा तुझा अधिकार मी आज काढून घेतला आहे.

रीना


पुणे
२४ ऑगस्ट २०२२

रीना,

हो. नोकरी गेली होती. तुझ्या रत्नमाला वहिनीच्या शिवणकामावर घर चाललं आहे. आईला सांगितलं कारण तिने आवाजावरूनच ओळखलं. तुला सांगितलं असतं तर तू सांभाळून घेतलं असतंस, आणि तेच मला नको होतं.

रंगाची सोय लिहून झाली होती. जुन्या फोनवर चालवली तर ॲप अडकत होतं. दुसऱ्या दिवशी संस्थेपुढे उभं राहायचं होतं. वाटलं, आठवड्यात नीट करून टाकू. दाखवणं फार छान झालं. मग त्यांचे फोन, त्यांच्या बैठका. आठवडा असाच गेला, मग दुसराही. याच्यावर आणखी काही लिहिलं तर ते कारण सांगणं होईल.

आता ऐक. संस्थेने मला कामावर घ्यायचं ठरवलं आहे, पूर्ण वेळ, याच ॲपसाठी. पुराचं त्यांना मी सांगितलं. ते म्हणाले, बघा, म्हणूनच एकच व्हर्जन हवं. अट तीच आहे, जुनी ब्रँच बंद करायची. दोन रात्री रत्नमाला आणि मी बोलतो आहोत. मी त्यांना उत्तर दिलेलं नाही. तू सांगशील तसं करतो.

अंकुश


भंडारा
२ सप्टेंबर २०२२

दादा,

वा. इतके महिने मी घसा कोरडा करून सांगत होते तेव्हा ऐकलं नाहीस, आणि आता तुझं घर कसं चालवायचं ते मी ठरवू? तू नाही म्हणालास तर वहिनीच्या डोळ्यांत मी वाईट, हो म्हणालास तर गावाच्या. माझ्या कपाळी हेच लिहिलं आहे का?

चिडून झालं. आता सांगते.

नोकरी घे. वहिनीने किती दिवस मशीन चालवायची? आणि तुझा नकाशा वाईट नाही. परसरामभाऊंना तो समजतो, इतरांनाही समजेल. पण जुनी ब्रँच बंद होणार नाही, ती आम्ही ठेवू. घनश्याम आहे, मी आहे, कोड पाठवणारी नागपूरची दोन मुलं आहेत. तुमचं तुमच्याकडे, आमचं आमच्याकडे. फुटू दे.

भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा माझे बाबा इथल्या ऑफिसात कारकून होते, आठवतं? तिकडची माणसं कित्येक महिने इकडेच चकरा मारत. बाबा संध्याकाळी पायातल्या चपला काढता काढता म्हणायचे, वेगळं झाल्याने कोणी मरत नाही, पण दोन दारांवर एकच पाटी असली की माणूस मरतो. म्हणून 'घाटवार्ता' हे नाव तू घेऊन जा. आमच्या व्हर्जनला आम्ही 'काठ' म्हणू.

एकच मागते, आणि हे तू संस्थेकडून कबूल करून घेतल्याशिवाय सही करू नको. तुमचं ॲप मीटर पाठवो की आणखी काही, त्याच्यासोबत रंग गेलाच पाहिजे. आम्हाला तुमचं काही कळलं नाही तरी चालेल, पाणी चढलं आहे एवढं कळलं पाहिजे.

वहिनीला जय भीम सांग. तिच्याशी मी वेगळी बोलेन.

रीना


पुणे
३ जून २०२३

प्रिय रीना,
जय भीम.

नोकरी लागल्यापासून आपण कामापुरतेच बोलतो, तेही घनश्यामच्या मार्फत. रंग आमच्याकडून नियमित येतो असं तो सांगतो. त्या एका अटीवर संस्थेने मला महिनाभर ताटकळत ठेवलं होतं, तुला लिहिलं नव्हतं.

मागच्या आठवड्यात आईकडे आलो होतो. तुला न कळवता सिरसघाटला गेलो. धनीरामभाऊ नव्या नावेला डांबर लावत होते. मी कोण ते सांगितलं. त्यांनी डब्यातला दुसरा ब्रश माझ्या हातात दिला. दुपारपर्यंत आम्ही डांबर लावलं. मी निघताना ते नावेखालून वाकून म्हणाले, "बाबू, हात रॉकेलनं धू, साबनानं नाही निंघत."

सोबत 'काठ'साठी एक दुरुस्ती पाठवतो आहे. संस्थेचं काम नाही, माझं आहे. वरच्या घाटाची खबर वेळेवर आली नाही, किंवा आलेली समजली नाही, तर पडद्यावरचा रंग जाईल. जुना रंग धरून बसणार नाही. त्याच्या जागी एक ओळ येईल. दुसरं काही केलेलं नाही. घनश्यामने जुन्या फोनवर चालवून पाहिलं आणि 'हो' म्हणाला, म्हणून तुला पाठवतो. घ्यायची की नाही ते तू ठरव.

अंकुश


भंडारा
१५ जून २०२३

अंकुश दादा,
सप्रेम जय भीम.

दुरुस्ती घेतली. तीनदा तपासली, कारण माझा तुझ्यावर विश्वास अजून पुरता बसलेला नाही. हे तुला टोचेल, टोचू दे. लहान पडद्यावर तुझ्या ओळीचा शेवटचा शब्द खाली लोंबत होता, तेवढा मी वर घेतला. बाकी काही काढण्यासारखं सापडलं नाही. मी फार शोधलं.

अपडेट सोडायचा अधिकार मागितला नाहीस ते बरं केलंस. मागशील तेव्हा विचार करीन.

काल सिरसघाटला गेले होते. निर्मलाबाई टोलीवरून मुद्दाम आल्या. त्यांनी सगळ्यांच्या आधी फोन पुढे केला, म्हणाल्या, टाका, पण एकदा फसलो ते सगळ्यांले सांगून टाका. मी सांगितलं. रंग कधी जातो, का जातो, मागच्या वर्षी काय झालं, सगळं. कोणी माना डोलावल्या नाहीत. प्रश्न विचारले, आणि खूप विचारले. मी कंटाळले, तरी ते थांबेनात. दोन-तीन जणांनी नको म्हटलं, त्यांचे फोन मी परत दिले.

धनीरामभाऊ काठावर बसून ऐकत होते. मग उठून आले आणि फोन दिला. मी ॲप टाकलं आणि नेट बंद करून त्यांना दाखवलं. पडद्यावरचा रंग गेला आणि तुझी ओळ आली. त्यांना वाचायला वेळ लागतो. ते बोट ठेवून एकेक शब्द वाचत गेले. 'खबर जुनी आहे. नदीकडे पाहा.'

फोन खिशात घालून म्हणाले, "राहू द्या मॅडम. पन मी त नदीच पाहीन."

मी म्हटलं, "त्यात तेच लिहिलं आहे, भाऊ."

रीना